तळ्याच्या बदल्यात तळं

आमच्या भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, काळजी करायला कारण लागत नाही. उलट घरात सगळं सुरळीत चाललं असलं की ते जास्त अस्वस्थ होतात. आपल्या नजरेतून काहीतरी सुटलंय असं त्यांना वाटायला लागतं. गॅस बंद केलाय का ते बघायला हा माणूस अर्ध्या रस्त्यातून परत येतो, आणि बंद असला तरी एकदा चालू करून पुन्हा बंद करतो. ताई म्हणते, "लग्नात यांनी माझ्या वाटणीची काळजीसुद्धा स्वतःकडे घेऊन टाकली. मी मोकळी." आणि ती खरंच मोकळी आहे. मस्त जेवते, दुपारी घोरते.

भावजींनी जन्मभर एकच काम केलं. एका क्लबातला पोहण्याचा तलाव साफ ठेवायचा. सगळ्यांच्या आधी जायचं, तळाची फरशी लांब ब्रशनं घासायची, पाण्यावरचं पान न् पान जाळीनं काढायचं, औषध टाकायचं, मग पेलाभर पाणी उजेडाकडे धरून बघायचं. अंगाला कायम क्लोरीनचा वास. त्यांच्या तलावात कुणाचं कानातलं पडलं तर ते कुठल्या फरशीवर पडलंय हे काठावरून सांगता यायचं. क्लबात सगळे त्यांना 'चकाचक' म्हणायचे. वरवर ते चिडायचे, पण घरी येऊन ताईला सांगायचे, आज अमुक मेंबरनं मला चकाचक म्हणून हाक मारली.

मग क्लब बंद पडला आणि भावजी घरी बसले. बसले कसले, मोरी घासायला लागले. सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, संध्याकाळी कुणी पाय धुतले की परत. ताईनं मला फोन केला. "यांना कुठेतरी चिकटव रे बाबा. नाहीतर एक दिवस हे मलाच घासून काढतील."

मी खोदाईचं मशीन चालवतो. त्या वेळी आमचं काम एका मोठ्या गोदामाच्या जागेवर चालू होतं. जागेत एक जुनं तळं होतं आणि त्यात कासवं, बेडूक, पाणकोंबड्या असं सगळं खटलं राहत होतं. परवानगी देताना सरकारनं कंपनीला अट घातली होती. इथलं तळं बुजवायचं असेल तर रस्त्यापलीकडे तेवढंच दुसरं खोदा, यातले जीव तिकडे हलवा आणि पाच वर्षं त्या तळ्याची निगा राखा. तळ्याच्या बदल्यात तळं. नवीन तळं मीच खोदलं. निगा राखायला माणूस हवा होता, तेव्हा मी साहेबांना म्हटलं, पाण्यात हयात घालवलेला माणूस आमच्या घरातच आहे. आता यापेक्षा योग्य माणूस कोणाला सुचला असता, सांगा.

कासवं हलवायला एक मॅडम आल्या होत्या. प्राण्यांच्या जाणकार, कंपनीनं नेमलेल्या, वयानं अगदी पोरसवदा. त्यांनी आणि भावजींनी जाळी लावून कासवं पकडली, टबात घालून रस्ता ओलांडून नेली, नव्या पाण्यात सोडली. मॅडम पुढच्या महिन्यात येते म्हणून गेल्या आणि भावजी कामाला लागले.

आठवड्याभरात कासवं बाहेर पडायला लागली. एकेक करून काठावर चढायची आणि जुन्या तळ्याच्या दिशेनं चालू पडायची. मधे रस्ता, त्यावर आमच्या डंपरांची ये-जा. भावजी त्यांना उचलून परत आणायचे, ती परत निघायची. एका दुपारी एक कासव चाकाखाली गेलं. भावजींनी ते खोऱ्यानं उचललं, तळ्यामागे पुरलं आणि संध्याकाळी जेवले नाहीत. "मी त्याला उचलून नेलं नसतं तर ते आज जिवंत असतं," एवढंच ताईला म्हणाले. ताईनं पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

मॅडम आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्या काठावर वाकल्या, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, तळाकडे बघितलं. तळ स्वच्छ दिसत होता.

"हे साफ कोण करतं?"

भावजी टोपी काढून पुढे झाले. शाबासकी मिळणार म्हणून तोंड आधीच लाजरं झालेलं. "मी करतो. रोज."

"रोज?"

"सकाळी आणि संध्याकाळी. पान म्हणून राहू देत नाही. शेवाळ धरतं, ते खरवडून काढतो."

मॅडम मटकन खाली बसल्या. "काका," त्या म्हणाल्या, "मग ही खाणार काय?"

बाई रागावल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी समजावून सांगितलं. ते शेवाळ, ती कुजकी पानं, त्यातले किडे, तळाचा गाळ, हेच त्यांचं अन्न आणि हीच त्यांची लपायची जागा. भावजी पांढरेफटक पडत गेले. मॅडम बोलायच्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे ते गाडीखाली गेलेलं, ते उपाशी निघालं होतं?" मॅडम म्हणाल्या, तसं नाही काका, ती अशीही परत जायला बघतात. पण भावजींनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाळी आणि ब्रश ताईच्या हातात दिले. "कपाटावर ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस." आणि खरंच मागितलं हो. दोन दिवसांनी म्हणाले, नुसती वरची पानं काढतो. ताईनं कपाटाला पाठ लावून उभं राहून सांगितलं, "अहो, व्यसनी माणसं असं बोलतात."

रोज तिथे बसायचं, पाणी डोळ्यांदेखत हिरवं होताना बघायचं आणि हात लावायचा नाही. ज्यानं केलंय त्यालाच कळेल. भावजी दोन्ही हात काखेत दाबून बसायचे. पाण्यावर तवंग आला, काठाला लव्हाळे उगवले, वास सुटला, चिलटं आली. मग न बोलावता बेडूक आले. कासवं एका आडव्या ओंडक्यावर ओळीनं ऊन खात बसायला लागली. बाहेर पडायची थांबली. भावजी मला हात धरून ओंडका दाखवायला न्यायचे आणि मी मोठ्यानं बोललो तर दटावायचे.

जुनं तळं बुजवायचा दिवस आला. पाणी उपसून टाकलं होतं आणि भावजी गुडघाभर चिखलात अनवाणी फिरत होते. राहिलेलं एखादं कासव पायाला लागतंय का ते बघत. मी मशीनवर बसून होतो, मागे डंपरांची रांग, साहेब ओरडतायत. "भावजी, झालं का?" "एक फेरी अजून." असं बऱ्याचदा झालं. शेवटी त्यांना चिखलात एक म्हातारी, ताटाएवढी कासवीण सापडली. ती छातीशी धरून ते वर आले आणि मग मी मातीची पहिली बकेट टाकली. माझं कामच ते आहे, मी त्यावर रडत बसणार नाही. पण त्या दिवशी वाईट वाटलं, डबा तसाच परत नेला.

त्या म्हातारीचं नाव भावजींनी काकू ठेवलं. त्यांची एक खरी काकू होती, कुणाकडेही गेली की मधेच उठून कुणाला न सांगता घरी चालू पडायची. ही तशीच. बाकीची रमली, ही नाही. आणि उन्हं तापायला लागली तशी तिनं अगदी ताळतंत्र सोडलं. सकाळी बाहेर, दुपारी बाहेर. ट्रकच्या चाकापासून वीतभर अंतरावरून भावजींनी तिला दोनदा उचललं. शेवटी मॅडमना विचारून तळ्याभोवती गुडघ्याएवढी जाळी ठोकली. तर ती जाळीला नाक लावून चालायला लागली. पूर्ण फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. नाक सोलवटलं, रक्त आलं, तरी थांबेना.

भावजींनी मॅडमना फोन लावला. घरीच होतो आम्ही सगळे, फोन स्पीकरवर. मॅडम म्हणाल्या, तिची अंडी घालायची वेळ झालीय. अशा माद्या बऱ्याचदा जिथे जन्मल्या त्याच काठावर अंडी घालायला जातात.

"तो काठ आता राहिला नाही," भावजी म्हणाले.

"माहीत आहे, काका."

"आणि तिनं नाहीच घातली तर?"

"फार दिवस धरून ठेवता येत नाहीत. अडकली तर ती वाचायची नाही."

फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघालीय बिचारी, आणि तुम्ही दाराला कडी लावून बसलाय." ती चेष्टेत बोलली. भावजी ताटावरून उठले.

त्यांनी जे सुचेल ते केलं. माझ्या मागे लागून जुन्या काठाची एक बकेट माती मागवली आणि नव्या तळ्याच्या काठावर तिचा उंचवटा केला. काकू त्यावर चढली, पलीकडून उतरली आणि जाळीला नाक लावून पुढे चालायला लागली. ते बघून भावजींचा चेहरा असा झाला की मलाच तिथे थांबवेना.

जुन्या काठाचा एक तुकडा तेव्हा शिल्लक होता. गोदामाच्या मागच्या भिंतीलगत, खाटेएवढा रुंद, उघड्या मातीचा. बाकी सगळं आवार काँक्रीटचं झालेलं. हे भावजींना माहीत होतं, कारण ते रोज येऊन बघून जायचे.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मी आवारात मशीनवर होतो. रस्त्यावर एकदम हॉर्न सुरू झाले, थांबेनातच. उठून बघितलं तर रस्त्याच्या मधोमध भावजी, दोन्ही हात पसरून, आणि त्यांच्या पायाशी काकू. त्यांनी जाळी उघडली होती. ती आपल्या चालीनं चालली होती, घाईबिई काही नाही, आणि हे तिच्याबरोबर एकेक पाऊल टाकत होते. एक ट्रकवाला खिडकीतून खेकसला, "म्हाताऱ्या, मरायचंय का?" भावजी घाबरट माणूस. बँकेतल्या शिपायाशीही खालच्या आवाजात बोलणारा. ते म्हणाले, "हॉर्न वाजवू नका. तिला जाऊ द्या." एखाद्यानं ब्रेकवरचा पाय काढला असता तर ताईला मी काय सांगणार होतो?

ती आवारात शिरली आणि भिंतीकडच्या त्या तुकड्यावर जाऊन थांबली. मागच्या पायांनी माती उकरायला लागली. मी जवळ जायला लागलो तर भावजींनी हातानंच अडवलं. ते स्वतः पाठ करून उभे होते. "तिकडे बघू नकोस," कुजबुजले. "सुचणार नाही तिला." मग आम्ही दोघं बाप्ये तिच्याकडे आणि भिंतीकडे पाठ करून उभे राहिलो, आणि आवारातली सगळी माणसं आमच्याकडे बघत राहिली.

काकूनं अंडी घातली, माती लोटली, वरून पोटानं दाबली आणि तिथेच निपचित बसली. भावजी डोळे पुसत होते. आणि मला त्यांना सांगायचं होतं की उद्या सकाळी या तुकड्यावर काँक्रीट पडणार आहे, आणि त्याआधी तो सपाट करायचं काम माझ्याकडे आहे.

सांगितलं. न सांगून काय करता?

ते माझ्याकडे वळले. "थांबवता येईल?"

"भावजी, मी मशीन चालवतो. कंपनी नाही चालवत."

तरी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. म्हणाले, काँक्रीटच्या गाड्या ठरल्यात, वरून तारीख आलीय, आणि कासवं तर आपण पलीकडे हलवलीत ना? मी म्हटलं, हलवलीत. आणि परत येऊन मॅडमना फोन लावला.

मॅडम दुसऱ्या गावी होत्या. फोनवर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता उचला, आज घातलीत तोवरच उचलता येतात. पण एक अट. अंडं ज्या बाजूनं वर आहे तीच बाजू वर राहिली पाहिजे. फिरलं तर आतलं पिल्लू दगावू शकतं. प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं खूण करा, पेटीत त्याच मातीवर ठेवा, हिंदकळू देऊ नका आणि पलीकडच्या उंचवट्यात तेवढ्याच खोलीवर पुरा.

भावजी गुडघ्यावर बसले. बोटांनी माती बाजूला केली. पांढरं अंडं दिसलं आणि त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी हात मांडीवर दाबले, फुंकर मारली, परत पुढे केले. थरथर थांबेना. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कर."

"मी? अहो, माझे हात बघा. या हातांनी मी डोंगर फोडलेत."

"तुझे हलत नाहीत."

मी आयुष्यात खोल खड्डे खणलेत, उतारावर मशीन घसरलंय, पण इतका कधी टरकलो नव्हतो. माती चमच्यानं काढली. पहिलं अंडं, खूण, उचल, पेटी. घामानं डोळे चुरचुरत होते आणि पुसता येत नव्हते. भावजी पेटी धरून बसलेले, श्वास रोखून. "श्वास घ्या," मी म्हटलं, "नाहीतर अंड्यांनंतर तुम्हाला उचलायला लागेल." एक अंडं बोटांतून किंचित सरकलं.

"फिरलं का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणतोय ना."

मला नक्की माहीत नव्हतं. पण तेव्हा त्यांना तसं सांगितलं असतं तर पेटी त्यांच्या हातून पडली असती. आम्ही रस्ता ओलांडला, ते पेटी धरून, मी काकूला काखोटीला मारून. उंचवट्यात अंडी पुरली, वर जाळी बसवली. काकू पाण्यात गेली ती गेली. त्यानंतर त्या वर्षी तिनं बाहेर पडायचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा सपाट केला.

पुढचे दोन महिने भावजी त्या उंचवट्याशेजारी खुर्ची टाकून होते. कावळ्यांना हाकलायचं, कुत्र्यांना हाकलायचं. माती फार तापली की कापड बांधून सावली करायची, मग सावली जास्त झाली की काय म्हणून सोडायची. मॅडमना दिवसातून इतके फोन की एकदा त्याच म्हणाल्या, काका, मी आंघोळ तरी करू का? रात्री झोपेत ते विचारायचे, फिरलं का? ताईनं मला विचारलं, काय फिरलं म्हणतात रे हे? मी म्हटलं, मला काय माहीत.

एका सकाळी त्यांचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाले. गेलो तर माती हलत होती. एक डोकं वर आलं, मग पाय, मग बटणाएवढी पाठ. मग दुसरं. काही अंडी शेवटपर्यंत तशीच राहिली. का राहिली, मी विचारलं नाही. बाकीची पिल्लं उंचवट्यावरून गडगडत, पडत-झडत थेट पाण्याकडे निघाली. रस्त्याकडे एकही नाही. भावजी मोठमोठ्यानं रडले. माझेही डोळे भरले, उगाच खोटं कशाला बोलू?

मॅडमही पोहोचल्या होत्या. त्या खूश होत्या. "आता यांचा काठ हाच," त्या म्हणाल्या. "यातल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला इथेच येतील."

भावजींनी नाक पुसलं. "मोठ्या म्हणजे कधी?"

"दहा-बारा वर्षं तरी लागतात."

भावजींनी बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाले, "आणि कंपनीनं निगा राखायची पाच वर्षं. त्यातलं एक गेलं."

"हो."

"त्यानंतर?"

"त्यानंतर जागा कंपनीची आहे, काका." मॅडमनी दप्तर उचललं, परत खाली ठेवलं. "मी लिहिणार आहे वर. मुदत वाढवा म्हणून. पण खात्री नाही देता येत."

ताई डबा घेऊन आली होती, तिनं आम्हाला तिथेच बसवून जेवायला वाढलं. भावजींनी दोन घास खाल्ले आणि मला म्हणाले, "दहा-बारा वर्षांनी मी असेन नसेन."

"झालं का सुरू," ताई म्हणाली.

"थांब गं. मी याच्याशी बोलतोय." असं ते ताईला कधी म्हणत नाहीत. "तू असशील. त्या येतील तेव्हा हे तळं इथे पाहिजे. बघशील ना?"

मी म्हणालो, "बघीन."

घास तोंडात होता म्हणून पटकन म्हणून गेलो. घरी जाताना लक्षात आलं. गोदाम आत्ताच कमी पडतंय, साहेब परवाच बोलले होते. उद्या वाढवायचं ठरलं तर मोकळी जागा एकच, रस्त्यापलीकडची. तळं बुजवायला मशीनवाला लागेल आणि या भागात तो मी आहे. भावजींना हे कळलं नसेल असं मी समजत नाही. काय काय वाईट होऊ शकतं हे शोधण्यात त्या माणसाची हयात गेलीय. त्यांनी कंपनीला विचारलं नाही, मॅडमना शब्द मागितला नाही. जो बकेट टाकायला येईल त्यालाच विचारून ठेवलं.

आता ऑफिसचा नंबर फोनवर दिसला की मी दोन-तीनदा वाजू देतो, मगच उचलतो. अजून तरी दुसऱ्याच कामांसाठी फोन येतायत.